खिडकीतला डोंगर आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. छपाईसाठी काही ठिकाणी थोडे विस्ताराने लिहिले आहे.)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाविषयी बोलले जाते. निकाल, शिष्यवृत्त्या, प्रवेश, स्पर्धा परीक्षा हे विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर बोलणारे माझ्यापेक्षा अधिकारी वक्ते आज येथे बसलेले आहेत. मी मात्र आपणांपुढे एक डोंगर घेऊन उभा आहे. विषय वरवर पाहता मौजेचा वाटेल. परंतु शेवटपर्यंत ऐकून घ्यावे आणि मगच तो शिक्षणाचा आहे की नाही हे ठरवावे, अशी माझी विनंती आहे.

नेरूळमधल्या एखाद्या उंच इमारतीच्या पूर्वेकडच्या खिडकीत उभे राहिले की सायन-पनवेल महामार्ग आणि औद्योगिक वसाहत यांच्या पलीकडे एक ठेंगणी डोंगररांग दिसते. तीच पारसिकची रांग. उत्तरेला मुंब्र्याजवळ ठाण्याच्या खाडीकाठी ती उठते आणि आपल्या शहराच्या पाठीला पाठ लावून दक्षिणेस बेलापूर-खारघरच्या बाजूला येते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपुढे हिची उंची काहीच नाही. एखादा धडधाकट मुलगा तास-दीड तासात माथ्यावर पोहोचतो. ठिकठिकाणी उघडा काळा कातळ, मधून मधून गवताची माळरानासारखी सपाटी, ओढ्याच्या घळीत थोडी झाडी, असे तिचे रूप आहे. पावसाळ्यात ती हिरवीगार असते, दिवाळीनंतर सोनेरी होते आणि मार्च-एप्रिलमध्ये कित्येक ठिकाणी वणव्याने काळी पडते.

आठवी-नववीच्या मुलांना मी वर्गात विचारले, "या डोंगरावर कोण कोण गेले आहे?" पन्नासातले चार हात वर आले. चारही मुलांचे, मुलीचा एकही नाही. दुबईला जाऊन आलेली मुले त्या वर्गात होती, खिडकीतल्या डोंगरावर जाऊन आलेली नव्हती. ही गोष्ट मला बोचली आणि म्हणून आज हा विषय निवडला. एका दिवसात जाऊन-येऊन होणारी डोंगरवारी हा आपल्या मुलांच्या, आणि विशेषतः मुलींच्या, शिक्षणाचा भाग व्हावा एवढेच माझे म्हणणे आहे.

आता कोणी विचारील, डोंगरावर शिकण्यासारखे आहे काय? दगड आणि गवत! बरोबर आहे. आपण दगडापासूनच सुरुवात करू.

आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. पुन्हा आला, पुन्हा पसरला. असे थरावर थर बसून महाराष्ट्राचा बहुतेक भाग तयार झाला आहे. डोंगराकडे दुरून पाहिले तर हे थर जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. भूगोलाच्या पुस्तकात 'डेक्कन ट्रॅप' असा शब्द येतो आणि मुले तो पाठ करून टाकतात. त्यातल्या 'ट्रॅप'चा अर्थ मूळ स्वीडिश भाषेत जिना असा आहे, हे डोंगरासमोर उभे राहून सांगितले की पाठ करावे लागत नाही. कातळात लहान लहान भोके असतात, ती लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची. त्यांतली काही भोके पुढे पांढऱ्या खनिजांनी भरून गेली. एखाद्या मुलाच्या हातावर असा दगड ठेवला आणि 'हा बुडबुडा साडेसहा कोटी वर्षांचा आहे' असे सांगितले, तर तो तास त्याच्या लक्षात राहतो. या रांगेच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या. आपण ज्या इमारतींत राहतो त्यांच्या काँक्रीटमधली बरीच खडी या डोंगरातूनच आली आहे. तेव्हा डोंगराशी आपला संबंध नाही असे म्हणता येणार नाही. आपण त्याच्याच अंगाखांद्यावर राहतो आहोत.

आता गवत. 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही' ही म्हण प्रत्येक मुलाने निबंधात वापरलेली असते, पण कुसळ पाहिलेले नसते. हिवाळ्यात या गवतातून चालून आले की पायजम्याला, सलवारीला, मोज्यांना शेकडो कुसळे चिकटतात. एका सहलीत सगळी मुले कुरकुरत ती काढून फेकत होती. एका मुलीने मात्र पाच-सात कुसळे कागदात गुंडाळून घेतली. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही एका कुसळावर पाण्याचा थेंब टाकला. वाळून पीळ पडलेली त्याची लांब शेपटी हळूहळू उलगडू लागली आणि कुसळ टेबलावर आपोआप फिरू लागले. सारा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. कारण साधे आहे. दव पडले की शेपटीचा पीळ सुटतो, ऊन पडले की पुन्हा बसतो आणि या फिरण्याने बीचे टोक गिरमिटासारखे मातीत शिरते. बी स्वतःच स्वतःला पेरते. अल्लाहच्या कुदरतीची ही एवढीशी कारागिरी पाहून ती मुले ज्या तऱ्हेने गप्प झाली, तशी माझ्या एकाही व्याख्यानाने झाली नव्हती.

गवताबरोबर पाखरे आली. माळावर शेंडीवाला चंडोल उडतो, तितराची साद ऐकू येते, तारेवर वेडा राघू बसतो, वर घार आणि शिक्रा घिरट्या घालतात. आणि पाखरांचे नाव निघाले की ज्यांचे नाव घेतलेच पाहिजे ते आपल्याच मुंबईचे, डॉक्टर सालिम अली. जन्म 1896 चा. लहानपणीच आईवडील गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढविले. मामांनी दिलेल्या छऱ्यांच्या बंदुकीने एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला पडला. मामांनी प्रश्न झटकून टाकला नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील सचिव मिलार्ड साहेबांनी पक्ष्यांचे कपाटच्या कपाट त्याच्यापुढे उघडले. पुढे कॉलेजातले गणित जड गेले, शिक्षण अर्धवट सोडून ब्रह्मदेशात भावाबरोबर धंद्यासाठी जावे लागले. बर्लिनला जाऊन पक्षिशास्त्र शिकून आल्यावरही नोकरी मिळाली नाही, तेव्हा अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तेथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा जो अभ्यास केला त्याने जगात नाव झाले. 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले, 1985 मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. 1987 मध्ये ते गेले. पालकहो, या गोष्टीत मला सर्वांत मोठे वाटतात ते मामा. मुलाच्या एका 'का'ला त्यांनी दार उघडून दिले. आपल्या घरात असा 'का' उठतो तेव्हा आपण काय करतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

कुरआन शरीफमध्ये जमिनीवर फिरा आणि पाहा, निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहा, असा उपदेश आला आहे. आपल्या थोर विद्वानांनी तो शब्दशः पाळला. अल-बिरुनीचे नाव इतिहासात येते. गंगेच्या मैदानाविषयी त्याने लिहून ठेवले आहे की डोंगराजवळ, जेथे नदी वेगाने वाहते, तेथे दगड मोठे असतात. दूर जावे तसे ते लहान होत जातात आणि शेवटी वाळू होतात. यावरून हा सारा प्रदेश नद्यांनी आणलेल्या गाळाने भरून निघाला असला पाहिजे. हे सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे निरीक्षण आहे. आपल्या ओढ्यात वरून खाली चालत आले तर आठवीचा मुलगाही तेच पाहू शकतो. त्याच अल-बिरुनीने पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेत नंदना येथे, अशाच एका खडकाळ डोंगरावर उभे राहून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. उत्तर आजच्या आकड्याच्या अगदी जवळचे आले. दहावीची मुले त्रिकोणमितीला घाबरतात. एक कोनमापक, एक दोरा आणि त्याला बांधलेला खडा घेऊन मी त्यांना टेकडीच्या पायथ्याशी उभे करतो आणि समोरच्या इमारतीची उंची काढायला सांगतो. 'टॅन थीटा' कशासाठी असतो, हे मग सांगावे लागत नाही.

आणखी एक धडा. सहलीत जोहरची वेळ झाली की किब्ला कोणत्या दिशेला हा प्रश्न येतो. घरात मशिदीच्या रोखाने ठरलेले असते, मोबाइलमध्येही बाण असतो. डोंगरावर मी तो बंद ठेवायला सांगतो. मुले सावलीवरून दिशा काढतात, मग होकायंत्राने पडताळतात आणि आपल्याकडून किब्ला पश्चिमेला पण किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे हे त्यांना समजते. पृथ्वी गोल असल्यामुळे हा झुकाव आणखी थोडा वाढतो. वुजूसाठी पाणी किती वापरावे याचा हिशेब तेथे आपोआप होतो. आणि पाणी पिण्यापुरतेच उरले असेल तेव्हा तयम्मुमची सवलत कशासाठी आहे, तेही कळते. दीन आणि विज्ञान यांचे भांडण लावणाऱ्यांनी एकदा आमच्याबरोबर यावे.

डोंगर चढणे हे आपल्या समाजाला नवे आहे असेही नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजी-आजोबा मलंगगडावर हाजी मलंग बाबांच्या दर्ग्याला पायऱ्या चढून गेलेले आहेत आणि त्या वाटेवर हिंदू-मुसलमान दोघेही एकमेकांना हात देत चढतात. माथेरानची छोटी आगगाडी सर्वांना ठाऊक आहे. नेरळपासून वर जाणारा सुमारे 21 किलोमीटरचा तो मार्ग 1904 ते 1907 या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधला आणि त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी त्यासाठी पैसा पुरविला. पत्त्यात नेरूळ आणि नेरळ यांचा घोटाळा नेहमी होतो, तो आपण एकदा तरी आनंदाने करावा आणि मुलांना ती गाडी दाखवावी.

इतके ऐकल्यावर पालकांच्या मनात ज्या शंका आल्या असतील त्या मला माहीत आहेत, कारण त्या मला दरवर्षी ऐकाव्या लागतात. पहिली शंका, अभ्यास बुडतो. वर्षात चार रविवार. 365 दिवसांतले चार. शिकवणीचा एक वर्ग बुडेल हे खरे, पण त्या दिवशी भूगोल, विज्ञान आणि गणित या तिन्ही विषयांचे जे होते ते मी आताच सांगितले.

दुसरी शंका धोक्याची. ही शंका खरी आहे आणि तिला मी हसण्यावारी नेणार नाही. 2019 च्या पावसाळ्यात खारघरच्या डोंगरात पाण्याच्या लोंढ्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या चार तरुण मुली वाहून गेल्या. पांडवकड्याच्या धबधब्यानेही आजवर अनेक घरांतली मुले नेली आहेत. म्हणूनच पावसाळ्यात तेथे जाण्यास मनाई केली जाते. असे का होते हे मुलांना समजावून सांगितले पाहिजे. नुसते 'जाऊ नको' म्हणून भागत नाही. या डोंगरावर माती पातळ आहे, खाली कातळ आहे. पाऊस मुरत नाही, सगळा वाहून येतो. वर सपाटीवर जोराचा पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. घोट्याएवढे पाणी कमरेएवढे होते आणि शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतली माणसे गाडली गेली. ती डोंगराचीच लेकरे होती, त्यांनाही डोंगराने सोडले नाही. अतिवृष्टीत डोंगर कोणाचाही नसतो.

पण माझे म्हणणे नीट ऐका. ज्या मुलांना डोंगर शिकविलेला नसतो तीच मुले सोळा-सतराव्या वर्षी मित्रांबरोबर, घरी न सांगता, भर पावसात धबधब्याखाली जाऊन उभी राहतात. बंदीने ती थांबत नाहीत, फक्त आपल्याला कळवत नाहीत. लहानपणी शिक्षकांबरोबर, योग्य ऋतूत, नियमाने डोंगर पाहिलेला मुलगा पाणी पाहून मागे फिरायला शिकलेला असतो. पोहायला येणाऱ्या मुलाची भीती कमी वाटते, तसेच हे आहे.

तिसरी शंका बोलून दाखवली जात नाही. फॉर्म मात्र परत येतो, त्यावर 'पाठवू शकत नाही' असे लिहिलेले असते आणि तो मुलीचा असतो. एका पालकांना मी भेटायला गेलो. ते म्हणाले, "सर, मुलगा असता तर पाठवला असता." मी विचारले, "मुलीला काय कमी पडेल?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग आतून मुलीची आजी बाहेर आली. ती कोकणातली. म्हणाली, "मी तिच्याएवढी होते तेव्हा डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन रोज डोंगर उतरत होते. तेव्हा कोणी विचारले नाही, जाऊ की नको." मुलगी सहलीला आली. मित्रहो, आपल्या आयाबायांनी डोंगर कष्टासाठी पायाखाली घातला होता, तेव्हा तो चालत होता. आज नाती शिकण्यासाठी जाऊ म्हणतात, तर आपण त्यांना का अडवावे? सोबत शिक्षिका असतात, आयांपैकी दोघी-तिघींनी यावे, ओढणी नीट बांधून, पायात बूट घालून मुलींनी चालावे. यात अदबीला कोठेही बाध येत नाही. मुलगी बळकट पायांची आणि उघड्या डोळ्यांची झाली तर उद्या तिचे घरही बळकट होईल.

आता ज्यांना पटले असेल त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

ऋतू म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. त्यानंतर कातळ तापतो. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. रमजान आणि परीक्षा सोडून रविवार निवडावा. निघण्यापूर्वी त्या ठिकाणी जाण्यास परवानगी आहे का, हे वन विभागाकडे विचारून घ्यावे. फज्रनंतर लगेच निघावे, नऊपर्यंत वर पोहोचावे आणि ऊन चढण्याआधी उतरायला लागावे. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. एक वाटाड्या पुढे, एक जबाबदार माणूस सर्वांच्या शेवटी आणि त्याच्या मागे कोणीही नाही. मुलांची मोजणी निघताना, माथ्यावर आणि खाली उतरल्यावर, अशी तीनदा व्हावी. चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाचा असावा.

प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, टोपी किंवा रुमाल, पायात पकड असलेले बूट हवेत. चपला चालणार नाहीत. जेवण घरचे. तांदळाची भाकरी, उकडलेली अंडी, सुके मटण, खजूर, गूळ-शेंगदाणे यांच्यापुढे पाकिटातले काही लागत नाही आणि कचराही होत नाही. प्लास्टिकची एक पिशवी मात्र रिकामी न्यावी, परत येताना आपला आणि दुसऱ्याचाही कचरा त्यात घालून आणावा. त्या दिवशी अत्तर लावू नये. आग्या मोहोळाच्या माश्यांना वास आणि धूर सहन होत नाही, तेव्हा मोहोळाजवळ दंगा नको आणि जाळ तर कोठेच नको. वाळलेल्या गवतावर एक ठिणगी पडली तर सारा डोंगर जातो. दगड उचलताना आधी काठीने हलवावा, खाली फुरसे असू शकते. सर्पदंश झालाच तर कापणे, चोखणे, घट्ट आवळणे, मांत्रिक असले काही न करता, माणसाला शांत ठेवून, दंश झालेला अवयव न हलवता, सरळ रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा.

डोंगरावर माणसे राहतात हेही विसरू नये. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. तो डोंगर आधी त्यांचा आहे. तेथे जाताना सलाम-नमस्कार करावा, विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये, करवंदे-बोरे विकायला बसलेल्या बाईशी घासाघीस करू नये. शहराच्या पाठीमागे, आपल्या नळाचे पाणी आणि आपले दिवे जेथून दिसतात अशा ठिकाणी, आपल्याच वयाची मुले शाळेसाठी किती चालतात हे आपल्या मुलांनी पाहिले, तर बसला उशीर झाला म्हणून ती चिडणार नाहीत.

शेवटी एक गोष्ट मन लावून ऐकावी. माथ्यावरून दक्षिणेकडे पाहिले तर पनवेलची खाडी आणि पलीकडे नवी मुंबईचा विमानतळ दिसतो. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचे उद्घाटन झाले. आपल्या शहराला त्याचा अभिमान आहे, आपल्या मुलांना तेथे नोकऱ्या मिळाव्यात अशी माझीही दुआ आहे. परंतु त्या जागी उलव्याची टेकडी होती. ती तोडून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाहही वळविण्यात आला. त्या टेकडीवर काय होते, कोणती झाडे, कोणती पाखरे, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? ज्याला आपण ओळखत नाही ते गेले तरी आपल्याला कळत नाही. या शहराची आखणी करण्यासाठी 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, तेव्हापासून खाड्या भरल्या, डोंगर कापले, आणि त्यावर आपली घरे झाली. पुढेही काही कापले जाईल, काही राखले जाईल. काय राखायचे हे ठरविणाऱ्या टेबलाशी उद्या आपली मुले-मुली बसावीत, आणि बसली तर त्यांनी तो डोंगर पायांनी पाहिलेला असावा. एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

म्हणून संस्थेपुढे माझी विनंती अशी. सातवी ते नववीच्या प्रत्येक वर्गाची हिवाळ्यात एक डोंगरसहल ठरलेली असावी. पहिली बेलापूर-खारघरच्या बाजूला, दुसरी गवळीदेवाच्या डोंगरावर, आणि थोडा दम आलेल्या मुलांसाठी कर्नाळा, जेथे 1968 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि किल्ल्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा आहे. प्रत्येक सहलीची एक वही असावी. तीत मुलांनी पाहिलेली झाडे, पाखरे, दगड आणि ओढे लिहावेत, नाव माहीत नसेल तर चित्र काढावे. दहा वर्षांनी अशा वह्यांचे एक कपाट भरेल आणि या डोंगराचा तेवढा अभ्यास दुसऱ्या कोणाजवळ नसेल. मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने असल्याखेरीज सहल निघू नये, असाही नियम करावा.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्हांला वेगळे काय सांगू? तुमचे पाय तरुण आहेत आणि डोंगर जवळ आहे. एकट्याने जाऊ नका, चोरून जाऊ नका, पाण्याशी पैज लावू नका. घरी विचारा. नकार मिळाला तर रुसू नका, या स्मरणिकेतले हे पान वडिलांना वाचायला द्या. आणि जायला मिळाले तर घरी परत येऊन अम्मीला काय काय पाहिले ते सांगा. ती आली नसेल तर पुढच्या वेळी तिलाही घेऊन या. कारण खिडकीतून डोंगर सर्वांत अधिक वेळा तिनेच पाहिलेला असतो.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.